बाईंचा मजकूर आणि माझी साईट

हेवा ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. पण मला तो झाला होता, आणि तोही साठी उलटलेल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचा, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला उगाच सज्जन समजायला नको.

कसबा बावड्यासाठी मी एक साईट चालवतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. साईट हौसेची. नळाला पाणी कधी येणार, लाईट किती वेळ जाणार, असलं सगळं तिच्यावर असतं. लोक मात्र ती उघडतात निधनवार्तांसाठी. आमच्याकडे माणूस गेलं की ‘कशानं गेलं’ याच्याही आधी ‘रक्षाविसर्जन कधी?’ हे विचारतात. अंत्यविधीला पोचता आलं नाही तर लोक समजून घेतात, पण तिसऱ्या दिवशी सकाळी राखेपुढं हात जोडायला माणूस उभं राहायलाच पाहिजे. कोण आलं नव्हतं, हे घरातले लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. मुसलमान घरांतली जियारत, बौद्ध घरांतला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, यांच्या वेळाही त्याच पानावर असतात. थोडक्यात, गावात कोण गेलं आणि कधी, कुठं जमायचं, हे माझी साईट सांगते.

‘माझी साईट’ हे शब्द मी तेव्हा दिवसातून दहादा तरी म्हणत असेन.

वार्ता लिहायच्या बाई. त्यांची सगळी नोकरी बावड्याच्या शाळेत झाली, अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं, आणि निवृत्त झाल्यावर त्या सासरी कुरुंदवाडला राहायला गेल्या. माणूस गेलं की घरचे आधी बाईंना फोन करायचे. बाई चार ओळी लिहून माझ्या फोनवर पाठवायच्या आणि मी त्या साईटवर चिकटवायचो. अडचण एवढीच, की कंपनीत कामाच्या वेळी फोन ड्रॉवरमध्ये ठेवावा लागतो. चहाच्या सुट्टीत बघावं तर पाच जणांचे फोन येऊन गेलेले. “टाकलं काय वो?” “आमच्या मामांचं अजून दिसंना की!” मी ऐटीत म्हणायचो, “टाकतो, टाकतो. जरा दम धरा.” खरं सांगायचं तर तो दम धरायला लावण्यात मला फार सुख होतं.

एकदा एका घरची वार्ता माझ्यामुळं चार तास उशिरा लागली. मला लाज वाटली आणि मी शहाणपणा केला. मजकूर ठेवायला एक वेगळी व्यवस्था घेतली, जिला आमच्या धंद्यात सीएमएस म्हणतात. ती कुठल्या तरी लांबच्या देशातल्या यंत्रावर चालते. बाईंनी कुरुंदवाडात बसून तिच्यात लिहायचं, ‘प्रसिद्ध करा’ हे बटण दाबायचं, आणि माझी साईट दर मिनिटाला तिकडं विचारणार की नवं काही आहे का. असेल तर उचलून दाखवणार. मध्ये माझा हात लागायचं कारणच नाही. बाईंना शिकवायला दोन रविवार गेले. त्यांनी वहीत प्रत्येक पायरी लिहून घेतली, बटणांची चित्रंसुद्धा काढली. तिसऱ्या रविवारी त्यांचं लिहिलेलं बावड्यात मिनिटाभरात दिसलं, तेव्हा त्या फोनवर लहान पोरीसारख्या हसल्या. मलाही आनंद झाला. तो आठवडाभर टिकला.

कारण माझा फोन बंद पडला. म्हणजे बिघडला नाही, वाजायचा थांबला. “टाकलं काय वो?” असं विचारायची कुणाला गरजच उरली नाही. चहाच्या सुट्टीत मी ड्रॉवर उघडायचो, तर आत बायकोचा एखादा निरोप, येताना कोथिंबीर आणा.

आणि याच काळात बाईंचं नाव गावभर झालं. त्या ‘अल्पशा आजाराने निधन’ असलं लिहीत नसत. एका चहावाल्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, की साखर कमी हवी असणाऱ्यांचे चेहरे त्यांना पाठ होते आणि उधारीवाल्यांचे मात्र कधी पाठ झाले नाहीत. गावातल्या एका सुईणीबद्दल लिहिलं, की आज तिला पोचवायला आलेल्यांतल्या निम्म्यांना तिनेच या गावात आणलं होतं. लोक त्या ओळींचे फोटो काढून एकमेकांना पाठवायचे. कटिंगच्या दुकानात वाचून दाखवायचे. “काय लिहित्यात बाई! मरावं तर बाईंनी लिहावं म्हणून मरावं.” मी खुर्चीत गळ्याभोवती कापड गुंडाळून बसलेलो. ज्या फोनवर ते वाचत होते, त्या पानाचा रंग मी निवडला होता. ते अक्षर म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून तीन रात्री मी त्याचा आकार कमी-जास्त करत बसलो होतो. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. बाईंनी फक्त लिहायचं, आणि सगळं गाव त्यांच्या पायावर. आयत्या बिळावर नागोबा, असं मी मनात म्हटलं. पुढं एकदा बायकोपुढं मोठ्यानंही म्हटलं.

“मग तुम्हीबी लिहा की,” बायको म्हणाली. “कोण नको म्हणतंय?”

तशी संधी आली. बाई लेकीच्या बाळंतपणाला चार दिवस गेल्या, आणि मला म्हणाल्या, तेवढे दिवस तू सांभाळ. त्याच चार दिवसांत गावातले एक जुने शिंपी वारले. मी अर्धा दिवस रजा काढली, बसलो आणि लिहिलं. ‘त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ वाचून माझं मलाच बरं वाटलं. तासाभरात फोन वाजला. किती दिवसांनी! मी घाईघाईनं उचलला.

“बाई आजारी हायत काय वो?” पलीकडचा माणूस काळजीनं विचारत होता. “न्हाय, वाचून तसं वाटलं म्हणून.”

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला ओव्याचा अर्क चालणार नव्हता.

मग मी काय केलं, ते सांगतो. साईट दर मिनिटाला तिकडं विचारत होती, ते मी बंद केलं. दिवसातून दोनदाच विचारायचं ठेवलं: सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला. मधल्या वेळात साईट आपल्याजवळची साठवलेली प्रतच दाखवत राहील. बाईंना सांगितलं, की फुकटच्या योजनेत तिकडं वारंवार विचारता येत नाही, ताण येतो. त्यात खरं काहीच नव्हतं. खरं एवढंच होतं, की आता बाईंनी काही लिहिलं किंवा बदललं, तर ते लगेच दिसण्यासाठी त्यांना मला फोन करावा लागणार होता. माझ्या हाताशी एक बटण होतं, ‘आत्ता ताजं करा’. ते दाबलं की झालं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं.

आणि उघडलं. “अरे, मी लिहिलंय, पण दिसत नाही रे,” बाई फोनवर म्हणायच्या. मी म्हणायचो, “बघतो बाई. थोडं किचकट काम आहे.” बटण एका सेकंदात दाबून होत असे, मी दहा मिनिटं थांबून दाबायचो. “तू आहेस म्हणून रे सगळं,” असं बाई म्हणायच्या आणि ते ऐकून मला जेवण गोड लागायचं. गावातलेही परत फोन करू लागले. महिनाभर मी सुखात होतो. कुणाचं काही बिघडलंही नाही.

मग गिरणीवाले अण्णा गेले. बावड्यात आमच्या पिढीतलं एक पोट असं नाही, की ज्यात त्यांच्या गिरणीचं पीठ गेलं नाही. बाईंनी दुपारीच लिहिलं, मी बटण दाबलं, मजकूर दिसला. अजून मला तो पाठ आहे. ‘डबा कुणाचा आणि पीठ जाड हवं की बारीक, हे ते झाकण बघून ओळखत. गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायला त्यांच्याकडे आयुष्यभर एकच माणूस येत राहिला. दुसऱ्याचा हात त्यांनी दगडाला लागू दिला नाही.’ खाली रक्षाविसर्जनाची वेळ, परवा सकाळी नऊ. मी वाचलं आणि मला इतका राग आला! मीही त्याच गिरणीत डबा घेऊन जात होतो. ती झाकणं मीही बघितली होती. मला का नाही सुचलं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मी जेवायला बसलो होतो आणि बाईंचा फोन आला. ताट समोर होतं, हात खरकटा होता, ही सबब झाली. डाव्या हातानं उचलता आला असता. पण मी मनात म्हटलं, वाजू दे. एका हाकेला ओ दिली की किंमत राहत नाही. परत करतील. त्यांनी परत केला नाही. जेवण झाल्यावर मी टीव्हीसमोर बसलो आणि विसरून गेलो.

सकाळी उठून साईट बघितली. नऊ. अंघोळ करून, कंपनीत उशिरा येतो म्हणून कळवून, पावणेनऊला मी नदीकडं स्मशानात पोचलो. माझ्यासारखे आणखी बरेच जण येत होते. आत मात्र घरचं कुणी नव्हतं. अण्णांना जिथं शेणींच्या चितेवर ठेवलं होतं ती जागा धुऊन स्वच्छ झाली होती. कडेला पत्रावळीवर नैवेद्याचा भात होता, त्यातलाही बराच कावळ्यांनी नेला होता. तिथला माणूस म्हणाला, “सातलाच उरकलं की. थोरला पोरगा मिलिटरीत हाय, त्याला मिरजेची गाडी गाठायची हुती. वेळ बदलली काल.”

“मग साईटवर नऊ कशाला?” कुणीतरी ओरडलं.

“बाईंनी घोळ घातला!”

“वय झालं आता बाईंचं. झेपत न्हाय तर सोडून द्यावं की!”

मी तिथंच उभा होतो. खोटं कशाला बोलू, ते ऐकून पहिल्यांदा मला बरं वाटलं. बाईंनाही गाव बोल लावतं, हे ऐकायची मला किती भूक होती, ते मला तेव्हा कळलं.

एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ रिक्षातून उतरून काठी टेकत आत आले. डोक्यावर पांढरी टोपी, हातात पळसाच्या पानात बांधलेला हार. सगळे बोलत होते तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. ते सरळ त्या धुतलेल्या जागेपाशी गेले, इकडंतिकडं बघितलं आणि जवळ मीच होतो म्हणून मला विचारलं, “राख कुठं हाय पावणं?”

मी म्हटलं, “विसर्जन झालं.”

“नऊ म्हणालती की सून.” त्यांनी परत जमिनीकडं बघितलं. “सुनंनं वाचून दाखवलं. माझ्याबद्दल लिहिलंय म्हणाली, टाकीवाला म्हणून. सीमेकडनं तीन गाड्या बदलून आलोय.”

ते ओल्या फरशीच्या कडेला खाली बसले. हार कुठं ठेवावा हे त्यांना समजेना. फरशीवर ठेवला, परत उचलला, शेवटी मांडीवर घेऊन बसले. बाईंच्या एका ओळीनं या माणसाला सीमेकडच्या गावातून इथवर ओढून आणलं होतं.

मी बाजूला जाऊन फोनवर ती तिकडची व्यवस्था उघडली. तिथं प्रत्येक बदलाची नोंद असते. काल संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटं, वेळ नऊऐवजी सात. बाईंनी लिहिलं होतं, बटणही दाबलं होतं. सहाची फेरी तेव्हा होऊन गेली होती, आणि पुढची आठला होणार होती, म्हणजे सगळं संपल्यावर. आणि त्यानंतर पाचच मिनिटांनी, माझ्या फोनवर, बाईंचा न उचललेला फोन. मी साईट पुन्हा उघडून पान ताजं केलं. आता तिथं सात दिसत होते. सकाळी उठल्यावर बघितलेले नऊ जाऊन बरोबर वेळ आली होती, आणि आता त्या वेळेचा कुणाला काही उपयोग नव्हता.

कंपनीत दिवसभर माझं चित्त नव्हतं. खाई त्याला खवखवे. संध्याकाळी सुटल्यावर घरी न जाता मी अण्णांच्या घरी गेलो. वाटेत शब्द जुळवले: चूक माझी आहे, बाईंची नाही. एवढंच बोलायचं आणि यायचं.

दारात चपलांचा ढीग होता. आत सतरंजीवर बाई बसल्या होत्या. दुपारच्या एसटीनं कुरुंदवाडहून आल्या होत्या. त्यांच्या शेजारी अण्णांची बायको, आणि भिंतीला टेकून ते टाकीवाले म्हातारे. कळल्यावर घरच्यांनी त्यांना सकाळी नदीवरून इथं आणलं होतं. तो हार आता अण्णांच्या फोटोला होता. मी आत गेलो तेव्हा अण्णांचा धाकटा मुलगा बाईंना सांगत होता, “बाई, आता ऱ्हाऊ दे की. दहादा म्हणालासा, चूक झाली म्हणून. तुम्ही मुद्दाम केलंय व्हय? तुम्ही लिहिलं म्हणून ह्ये चाचा आलं. आमाला तर ह्यांचा पत्तासुदिक ठावं नव्हता.”

म्हणजे बाईंनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. आणि त्यांना माफही करून झालं होतं. मी उंबऱ्यापाशी उभा होतो, बोलायला आलेला, आणि माझ्या मनात काय यावं? की बघा, माफीसुद्धा यांनाच. शिव्या यांना, माफी यांना, सतरंजीवर मधली जागा यांना.

“या की पावणं,” मुलगा मला म्हणाला. “कोण आपण?”

“मी साईट चालवतो.”

“साईट तर बाई चालवत्यात की.”

“मजकूर बाईंचा. साईट माझी,” मी म्हणालो. ते तेव्हासुद्धा म्हणालो. मग पुढचं म्हणालो, “आणि सकाळची चूक माझी आहे. बाईंची नाही.”

मुलगा उठला, माझा हात त्यानं दोन्ही हातांत धरला. “बाईंवरचं स्वतःवर घ्यायला आलायसा व्हय! लई मोठं मन लागतंय त्याला.” अण्णांच्या बायकोनंही मान हलवली. “असली माणसं हायत म्हणून चाललंय बाबा जग,” असं त्या म्हणाल्या आणि आत चहा सांगितला.

आता पाहा. इतके दिवस ज्याच्यासाठी मी जळत होतो, ते मला मिळालं होतं. चार माणसांत कुणीतरी माझा हात धरून मला मोठा म्हणत होतं. नुसतं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांना फोनबद्दल काही म्हणता आलं असतं, पण त्या म्हणाल्या नाहीत. उलट त्यांनी सरकून मला सतरंजीवर जागा करून दिली, आणि मी बसलोही.

बोलले ते म्हातारे. “चूक म्हंजे काय झालं हुतं रं?”

त्यांना साईट, यंत्र, साठवलेली प्रत हे समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, आणि त्याच्या आडून मला सुटायचंही नव्हतं. मी म्हणालो, “बाईंनी वेळ बदलली होती. ती माझ्याकडं येऊन लोकांना दिसायची असते. मी ती येऊ दिली नाही. रोजच उशिरा येऊ देत होतो, मुद्दाम.”

“कशापायी?”

मुलाचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. बाईंनी माझ्याकडं बघणं सोडून खाली बघितलं.

“सगळी लोकं बाईंचं नाव घेतात,” मी म्हणालो. “माझं कुणी घेत नाही.”

खांद्यावरचा हात निघाला. आतून चहाचा ट्रे आला, आणि तो आणणाऱ्या अण्णांच्या सुनेला काय झालंय ते कळेना, म्हणून ती तशीच उभी राहिली. म्हाताऱ्यांनी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांचा आवाज चढला नाही.

“मग घेतील की आता तुझं,” ते म्हणाले, आणि ट्रेमधला एक कप उचलून त्यांनी बाईंना दिला.